जुन्या मोटारीचा ब्रेक

विषय मोटारीच्या ब्रेकचा आणि सांगणारा तर्कशास्त्राचा मास्तर, हे पाहून काही वाचक पान उलटतील. उलटोत बापडे. यंत्रविद्येची पदवी माझ्यापाशी नाही, हे मी आधीच कबूल करतो. माझ्यापाशी आहे ती १९७२ सालची एक फियाट. वडिलांनी ती १९८४ मध्ये जुनीच विकत घेतली, तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. ‘फियाट ११०० डी’ हे तिचे कागदावरचे नाव. लोक तिला ‘डिलाइट’ म्हणत. हीच गाडी पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने विकली गेली, आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तुम्ही-आम्ही कधी ना कधी तिच्यात बसलेलो आहोत. टॅक्सीच्या नोकरीतून ती ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. पण तिच्या काही बहिणी अजून घरोघरी आहेत. एरवी शेडमध्ये झाकून ठेवायच्या, दसऱ्याला झेंडूची माळ घालायची आणि वर्षातून चार-दोनदा लांबच्या रस्त्याला काढायच्या, अशा या गाड्या. त्यांच्या मालकांसाठी हे चार शब्द आहेत. गाडी ॲम्बॅसडर असो की मॉरिस, तत्त्व बहुतेक तेच.

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही महाबळेश्वरहून परतत होतो. माझ्या शेजारी पत्नी, मागच्या सीटवर आई आणि मुलगी, डिकीत सरबताच्या बाटल्या. पाचगणी सोडली आणि पसरणीचा घाट उतरायला लागलो. पुढे एक एस.टी. चालली होती. तिच्या मागे तिसऱ्या गिअरमध्ये, पाय जवळजवळ सतत ब्रेकवर ठेवून, मी निवांत उतरत होतो. निम्मा घाट संपला असेल. एका वळणाआधी ब्रेक दाबला, तर पेडल उशीत पाय रुतावा तसे खाली गेले. पुन्हा दाबले, ते थेट फळीला टेकले. एस.टी.चा मागचा भाग मोठा मोठा दिसू लागला.

पुढच्या दहा सेकंदांत काय काय केले ते मला क्रमाने आठवत नाही. पेडल भराभर चार-पाचदा मारले, त्याने थोडा जोर आला. गिअर दुसऱ्यात ओढला, तेव्हा इंजिन किंचाळले. हँडब्रेक खेचला. डोंगर आमच्या बाजूला होता हे आमचे नशीब. डावी चाके कडेच्या मातीत घातली आणि गाडी थांबली. कोणाला काही लागले नाही. मुलीने विचारले, “बाबा, पोचलो का?” आई काही वेळ गप्प होती. मग म्हणाली, “तुझे वडील हा घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरायचे.”

अर्ध्या तासाने सहज पेडल दाबून पाहिले, तर ते जागेवर आलेले. घट्ट, जसे काही घडलेच नव्हते. ही खूण लक्षात ठेवा, तिचे महत्त्व पुढे कळेल.

दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रींकडे गेलो तो निर्णय घेऊनच. म्हटले, “मिस्त्री, पुढं डिस्क ब्रेक बसवून टाका. खर्चाचं मी बघतो.”

“बसवू की, सर,” ते म्हणाले. “पण आधी सांगा, गाडी गार झाल्यावर पेडल परत आलं का?”

“आलं.”

“मग ब्रेक गेला नव्हता तुमचा. तेल उकळलं होतं.” त्यांनी बॉनेट उघडून तेलाच्या डबीचे झाकण काढले आणि मला आत पाहायला लावले. आत काळ्या चहाच्या रंगाचे काहीतरी होते. “हे शेवटचं कधी बदललं?”

मला उत्तर देता आले नाही. वडील जाऊन तोवर सहा वर्षे झाली होती.

आता तेल उकळते म्हणजे काय, ते पाहू. ब्रेक गाडीला थांबवतो म्हणजे तो तिच्या वेगाचे उष्णतेत रूपांतर करतो. दुसरा मार्गच नाही. आमची फियाट रिकामी सुमारे ९०० किलोची. माणसे आणि सामान धरून १,२०० किलो म्हणा. ताशी ६० किलोमीटरच्या वेगावरून ती एकदा पूर्ण थांबवली, तर जी उष्णता निर्माण होते तिच्यावर अर्धा लिटर पाणी गारपासून उकळीपर्यंत तापवता येईल. हे फार नव्हे, चार कप चहाचे आधण. पण वेग ६० वरून ८० वर गेला की तीच उष्णता पावणेदोनपटीहून थोडी अधिक होते. वेग वाढतो त्याच्या वर्गाने ही वाढते. आणि घाटाचा हिशेब तर वेगळाच आहे. पाचगणी वाईपेक्षा पाचशे मीटरांहून अधिक उंचावर आहे. साडेपाचशे मीटर धरले, तर तेवढ्या उतारावर आपल्या गाडीत साठलेली उंचीची शक्ती म्हणजे साठच्या वेगावरून जवळजवळ चाळीस वेळा थांबण्याइतकी. ती सगळी ब्रेकवर टाकली तर १९ लिटर पाणी उकळेल! ही शक्ती कुठेतरी जायला हवी. दुसऱ्या गिअरमध्ये उतरलात तर तिचा मोठा वाटा इंजिन खाते. तिसऱ्यात, ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर बहुतेक सगळी चाकांतल्या चार लोखंडी डब्यांत जाते. आईने एका वाक्यात सांगितले ते हेच.

त्या डब्यांना आपण ड्रम म्हणतो. ड्रमच्या आत दोन अर्धगोल शू असतात, त्यांच्यावर लायनिंग चिकटवलेले किंवा रिव्हेट मारून बसवलेले असते. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधले तेल नळ्यांतून चाकाकडच्या छोट्या सिलिंडरमध्ये जोर पोचवते आणि शू ड्रमला आतून घासतात. या तेलाला गॅरेजात ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात, पण ते इंजिनच्या तेलाच्या जातीचे नाही. चुकूनही त्यात इंजिनचे तेल ओतू नका. आतली रबरे फुगून सगळे निकामी होते. या द्रवाची खोड अशी की तो हवेतले पाणी शोषून घेतो. झाकणाच्या भोकातून, रबरी नळीच्या अंगातून, थोडे थोडे, पण वर्षानुवर्षे. बाटलीवर ‘डॉट ३’ असे लिहिलेला नवा द्रव निदान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. त्यात शेकडा पावणेचार भाग पाणी मुरले की हमी फक्त १४० अंशांची उरते. ‘डॉट ४’चे हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. द्रव उकळला की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. तेल दाबले जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पायाखाली उशी लागते. गार झाले की वाफेचे पुन्हा पाणी होते आणि पेडल साळसूदपणे वर येते.

ब्रेक दगा देतो तो निरनिराळ्या रीतींनी, आणि प्रत्येक रीतीचे औषध वेगळे आहे. माझ्या मते जुन्या गाडीच्या मालकाला याहून उपयोगी असे दुसरे ज्ञान नाही, म्हणून इथे जरा थांबतो. गाडी तापल्यावर पेडल मऊ होऊन खाली जात असेल आणि गार झाल्यावर परत येत असेल, तर तेलात पाणी आहे. पेडल गार असतानाही नेहमीच मऊ लागते, दोन-तीनदा मारल्यावर वर येते, तर नळीत हवा राहिली आहे किंवा शू आणि ड्रम यांच्यातले अंतर वाढले आहे. पाय स्थिर दाबून ठेवला असता पेडल हळूहळू, घड्याळाच्या काट्यासारखे, खाली सरकते तेव्हा कुठेतरी गळती आहे. ती बाहेर दिसेल, किंवा दिसणारही नाही, कारण मास्टर सिलिंडरमधले रबर झिजले की तेल आतल्या आत मागे सरकते. पेडल घट्ट आहे, पाय थरथरेपर्यंत दाबले, तरी गाडी थांबायला तयार नाही? मग तेलाचा दोष नाही. लायनिंग तापून गुळगुळीत झाले आहे किंवा त्यावर तेल-ग्रीस सांडले आहे. गाडी एका बाजूला ओढत असेल तर त्या चाकांची रबरी नळी आधी तपासा. जुनी नळी आतून सुजते आणि झडपेसारखी वागते. जोर आत जातो पण परत येत नाही, आणि ते चाक ब्रेक सोडल्यावरही धरून राहते. बाहेरून नळी अगदी छान दिसते, हे तिचे वैशिष्ट्य.

मिस्त्रींनी आमच्या गाडीची चारही चाके उघडली तेव्हा यांतले तीन दोष एकदम निघाले. मागच्या एका सिलिंडरला गंज होता आणि तो घाम फुटावा तसा झिरपत होता. पुढच्या दोन्ही नळ्या वडिलांच्या काळच्या. ड्रमला आतून कड पडली होती. म्हणजे ज्या ब्रेकला मी मागासलेला म्हणून बदलायला निघालो होतो, तो ब्रेक मी कधी नीट पाहिलाच नव्हता. चार दिवस काम चालले. ड्रम लेथवर चढवून हलकेच तासले, नवी लायनिंग, नवे सिलिंडर, नव्या नळ्या, ताजे ‘डॉट ४’. शेवटी प्रत्येक चाकाच्या निपलमधून हवा काढली. मी पेडल मारीत होतो आणि मिस्त्री खालून “दाबा… धरा… सोडा” असे ओरडत होते. पहिल्याच फेरीत गाडी अशी थांबली की मला वडिलांची फियाट आठवली.

एक सूचना जाता जाता. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. ड्रम उघडल्यावर आतली धूळ हवेच्या पाइपने उडवण्याची पद्धत अनेक गॅरेजांत आहे. ती उडवू देऊ नका. ओल्या फडक्याने पुसायला सांगा आणि मुलांना जवळ उभे करू नका. ही धूळ फुप्फुसात गेलेली परत येत नाही.

इथपर्यंतच्या कामाला कोणी सुधारणा म्हणणार नाही; ही दुरुस्ती झाली. पण दुरुस्तीवाचून सुधारणा करणे म्हणजे ओलीच्या भिंतीला रंग देणे.

आता खऱ्या सुधारणेकडे वळू. आमच्या फियाटमध्ये, आणि तिच्या काळच्या बहुसंख्य गाड्यांत, मास्टर सिलिंडर एकच आणि त्यात दट्ट्याही एकच. त्यातून निघणारे तेल चारही चाकांना जाते. कुठल्याही एका चाकाची नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक त्याच क्षणी जातो. तर्कशास्त्रात आम्ही शिकवतो की साखळीची ताकद तिच्या सर्वांत दुबळ्या कडीइतकी. इथे तर एका कडीवर चार साखळ्या टांगलेल्या. हा धोका मोटारवाल्यांना फार पूर्वीच उमगला होता. अमेरिकेत कॅडिलॅकने १९६२ मध्ये दोन स्वतंत्र भागांचा मास्टर सिलिंडर दिला, आणि १९६८ पासून तिथे प्रत्येक नव्या मोटारीला असे दोन भाग असणे कायद्याने सक्तीचे झाले. याला टँडम मास्टर सिलिंडर म्हणतात. एकाच नळकांड्यात एकामागे एक दोन दट्टे असतात. एक पुढच्या चाकांना तेल देतो, दुसरा मागच्या. पुढची नळी फुटली तरी मागचा ब्रेक जिवंत राहतो. थांबायला अंतर पुष्कळ लागेल, पण थांबाल.

माझ्या दृष्टीने जुन्या गाडीत करण्याजोगी पहिली सुधारणा हीच. डिस्कचा क्रमांक नंतरचा. दिसायला ती काहीच नाही. चाकातून चकाकणारी डिस्क मित्रांना दाखवता येते, टँडम सिलिंडर दाखवता येत नाही. बहुधा म्हणूनच ती मागे पडते. काम करताना दोन गोष्टींकडे लक्ष हवे. नव्या सिलिंडरचा व्यास जुन्याशी जुळता असावा, आणि पेडलची सळई दट्ट्याला टेकण्याआधी मिलिमीटरभर मोकळी जागा राहिलीच पाहिजे. ती राहिली नाही, तर दट्टा पूर्ण मागे येत नाही, तेल परत जाण्याचे बारीक छिद्र झाकलेले राहते, आणि गाडी तापेल तसे ब्रेक आपोआप धरू लागतात. नव्या कामानंतर पाच-दहा किलोमीटरवर गाडी जड झाली असे वाटले, तर चाकांना हात लावण्याआधी ही फट पाहा.

व्यासाचे एवढे काय, असे कोणी विचारील. थोडे गणित करू. पायाचा जोर ३० किलो, पेडलची तरफ पाचपट, म्हणजे दट्ट्यावर १५० किलो. सिलिंडरचा व्यास पाऊण इंच असेल, तर तेलात दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ५३ किलोचा दाब उत्पन्न होतो. तोच व्यास सात-अष्टमांश इंच घेतला, तर दाब ३९ किलोवर येतो. एक-अष्टमांश इंचाने चौथ्या हिश्शाहून अधिक जोर खाल्ला! उलट, बारीक सिलिंडर जोर देतो पण तेल कमी ढकलतो, म्हणून पेडल खोल जाते. “मोठा सिलिंडर, मोठा ब्रेक” असे म्हणणाऱ्या दुकानदारापासून सावध राहा.

आता डिस्क. लोखंडाची उघडी थाळी चाकाबरोबर फिरते आणि दोन्ही बाजूंनी पॅड तिला चिमटीत धरतात. चिमटीला कॅलिपर म्हणतात. ही कल्पना जुनीच आहे. इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टरने १९०२ मध्ये तिचे पेटंट घेतले होते. पण १९५३ मध्ये ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जग्वारने डनलॉपच्या डिस्कवर जिंकली, तेव्हा कुठे जगाचे लक्ष वळले. १९५५ च्या सित्रोएन डीएसला पुढे डिस्क आल्या. खुद्द आमच्या फियाट ११०० च्या इटलीतल्या धाकट्या आवृत्तीला, ‘११०० आर’ला, १९६६ मध्येच पुढच्या चाकांना डिस्क होत्या. म्हणजे आमची गाडी १९७२ मध्ये बाहेर पडली तेव्हा तिच्या परदेशी बहिणीला हा दागिना मिळून सहा वर्षे झाली होती. म्हणून फियाटला डिस्क बसवणे म्हणजे काहीतरी विपरीत करणे, असे मुळीच नाही.

डिस्क श्रेष्ठ का? ड्रम तापला की त्याचा घेर वाढतो आणि तो शूपासून दूर जातो. डिस्क तापली की जाड होते आणि पॅडच्या जवळ येते. ड्रमच्या आतली उष्णता बंद डब्यात कोंडते, डिस्कला वारा लागतो. पावसाळ्यात पाण्यातून गाडी काढली की ड्रममध्ये पाणी साचून ब्रेक काही वेळ घसरतो; हलका ब्रेक लावीत थोडे अंतर सावकाश चालवून तो वाळवावा लागतो. डिस्क पाणी झटकून टाकते. शिवाय ड्रमचा एक मुळातलाच स्वभाव आहे. दाराखाली पाचर अडकवली की दार जितके ढकलावे तितकी ती घट्ट होते. ड्रमचा पुढचा शू तसाच फिरत्या ड्रमबरोबर आत ओढला जातो आणि पायाच्या जोरात स्वतःची भर घालतो. ही फुकटची मदत सुखाची खरी, पण लहरी. लायनिंग तापून घर्षण थोडे कमी झाले की ही मदत पुष्कळच कमी होते. घाटात ब्रेक हळूहळू न जाता एकदम गेल्यासारखा वाटतो, त्याचे हेही एक कारण.

आणि नेमकी इथेच डिस्क बसवणाऱ्याची गोम आहे. डिस्कला ही फुकटची मदत नाही. तिला पॅडवर ड्रमपेक्षा कितीतरी अधिक दाब लागतो. जुन्याच पेडलवर, जुन्याच सिलिंडरवर नुसत्या डिस्क टांगल्या, तर पाय दगडावर ठेवल्यासारखा होतो आणि गाडी आधीपेक्षा उशिरा थांबते. माझ्या एका स्नेह्यांच्या गाडीत हे मी पाहिले आहे. त्यांनी कुठल्याशा छोट्या नव्या मोटारीच्या डिस्क भंगारबाजारातून आणून बसवल्या होत्या, आणि त्यांच्या पत्नीने त्या गाडीला हात लावायचे सोडले. पेडल दाबतच नव्हते, असे त्या म्हणाल्या, आणि ते खरे होते. त्यावर उपाय म्हणून बूस्टर लावतात. तो इंजिनच्या ओढीतून निर्वात घेऊन पायाचा जोर वाढवतो. चांगला उपाय आहे. मात्र इंजिन बंद झाले की एक-दोन ब्रेकपुरतीच मदत शिल्लक राहते. उतारावर पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये सोडणारे बहाद्दर अजून भेटतात, म्हणून सांगितले.

दुसरी गोम ड्रमच्या मास्टर सिलिंडरमध्ये दडलेली असते. शू मागे ओढणाऱ्या स्प्रिंगा जोरदार असतात, म्हणून नळीत नेहमी थोडा दाब शिल्लक ठेवणारी एक लहान झडप आत बसवलेली असते. ड्रमला ती उपकारक. डिस्कला तसल्या स्प्रिंगा नसतात. तिथे हा उरलेला दाब पॅड थाळीवर घासत ठेवतो. गाडी जड चालते, थाळी तापते, आणि तेल उकळते. म्हणजे ज्या रोगासाठी एवढा खटाटोप केला तोच परत! पुढच्या डिस्कच्या वाटेवरची ही झडप काढायला हवी, मागच्या ड्रमच्या वाटेवरची ठेवायला हवी.

तिसरी गोष्ट तोलाची. जोराने ब्रेक लावला की गाडी नाक खाली घालते. त्या वेळी साधारण दोन-तृतीयांश भार पुढच्या चाकांवर असतो आणि मागची चाके हलकी होतात. हलक्या चाकांना जोराचा ब्रेक लागला तर ती आधी अडकतात आणि घसरतात, आणि मागची चाके आधी घसरली की गाडीचे शेपूट पुढे येऊ पाहते. पुढची आधी अडकली तर स्टिअरिंग ऐकत नाही, पण गाडी निदान सरळ जाते. दोन्ही वाईटच, त्यांतले कमी वाईट निवडायचे. म्हणून मागच्या ब्रेकचा दाब मर्यादेत ठेवणारी झडप लावतात. नवा दाब किती, मागे तो किती उतरवायचा, हे अंदाजाने ठरवू नये. मोकळ्या मैदानावर, मागेपुढे कोणी नसताना, ताशी ३० च्या वेगाने एकदम ब्रेक दाबून कोणती चाके आधी अडकतात ते बाहेर उभ्या माणसाला पाहायला सांगावे.

बाकीचे सारे लेथवाल्याच्या आणि मिस्त्रीच्या हातात. कॅलिपर ज्या पट्टीवर बसतो ती पट्टी साधी दिसते, पण पुढच्या ब्रेकचा संपूर्ण हिसका तीच सोसते. ती स्टिअरिंगच्या नकल-आर्मला वेल्डिंग करून जोडू देऊ नका. मूळ बोल्टच्या भोकांवर, चांगल्या प्रतीच्या बोल्टनी बसली पाहिजे. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून, नळी ताणत नाही आणि टायरला घासत नाही, हे डोळ्यांनी पाहा. डावा कॅलिपर उजवीकडे बसला, तर हवा काढायचे निपल वरच्याऐवजी खाली येते, आणि कितीही पेडल मारले तरी वर अडकलेली हवा निघत नाही. हसू नका, आमच्या त्याच स्नेह्यांच्या गाडीत हेही झाले होते.

सर्वांत शेवटी रस्त्याला टेकतो तो टायर. मुळात या फियाटला ५.२० गुणिले १४ मापाचे, जुन्या आडव्या धाग्यांच्या बांधणीचे टायर. चांगला ब्रेक चाक अडवू शकतो. गाडी अडवतो टायर. जुनी गाडी थोडी चालते, म्हणून टायरची नक्षी शाबूत दिसते आणि रबर मात्र वाळून कडक झालेले असते. बाजूवर चार आकडी संख्या कोरलेली असते. २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. ती वाचा. आणि रेडिअल व जुन्या बांधणीचे टायर एकाच गाडीत मिसळू नका.

कायद्याचाही एक शब्द. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२ व्या कलमान्वये, निर्मात्याने मूळ दिलेल्या आणि नोंदणीपत्रात उतरलेल्या बाबींशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. म्हणून काम अंगावर घेण्याआधी परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. अपघातानंतर कळवण्यात अर्थ नसतो.

आता तुम्ही विचाराल, मास्तर, तुम्ही काय केलेत? मी दुरुस्ती केली, टँडम सिलिंडर बसवला, टायर बदलले, आणि मागच्या-पुढच्या सीटला पट्टे लावून घेतले. डिस्क बसवल्या नाहीत. माझी गाडी वर्षाला हजारभर किलोमीटर चालते, साठाच्या वर जात नाही, आणि घाट मी आता दुसऱ्या गिअरमध्ये उतरतो. एवढ्यापुरता नीट ठेवलेला ड्रम पुरतो. रोज महामार्गावरून ऐंशीच्या वेगाने जाणारा, पुढच्या नव्या मोटारी जिथल्या तिथे थांबताना पाहणारा कोणी असेल, तर त्याने डिस्क जरूर बसवाव्यात. पण सिलिंडर, बूस्टर, झडपा यांच्यासह पूर्ण संच, आणि हे काम आधी केलेल्या माणसाकडून. पैसे निम्मेच असतील तर निम्म्या डिस्क बसवू नयेत, थांबावे.

नव्या लायनिंगला किंवा पॅडला पहिल्या दिवशी घाट दाखवू नका. मोकळ्या रस्त्यावर पन्नासावरून विसापर्यंत आठ-दहा वेळा बेताने ब्रेक लावावा, मध्ये गार होऊ द्यावे. घासणारे दोन पृष्ठभाग एकमेकांना ओळखू लागतात. शंभर किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा आवळावेत आणि डबीतल्या तेलाची पातळी पाहावी.

आमच्या गाडीच्या बॉनेटला आतून मी एक कागद चिकटवला आहे. त्यावर ब्रेकचे तेल बदलल्याची तारीख आहे आणि खाली दोन वर्षांनंतरची तारीख लिहिलेली आहे. पहिल्या ओळीचे अक्षर माझे आहे, दुसऱ्या ओळीचे मुलीचे. गेल्या मे महिन्यात ती तारीख आली तेव्हा तिनेच मला आठवण केली, आणि आम्ही दोघे मिस्त्रींकडे गेलो. पेडल मारायचे काम या वेळी तिने केले.